‘संपूर्ण गोष्ट’ कुणाची?

गेल्या उन्हाळ्यात मालेतल्या आमच्या घराचे जुने पत्रे काढून नवे घालायचे ठरले. मुळशीचा पाऊस कुणासाठी थांबत नाही, म्हणून मृगाच्या आत काम उरकायचे होते. घरातले सामान ओटीवर काढले. त्यात आमच्या वडिलांची लोखंडी पेटी निघाली. त्याच सुमारास ताम्हिणीच्या रस्त्याने रद्दी-भंगारवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत आला. घरच्या मंडळींचा हिशेब सरळ होता. पेटी भंगारात द्यायची, आतले कागद रद्दीत द्यायचे आणि जागा मोकळी करायची. काटा लागला. कागद चौदा किलो भरला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, नोकरी कारकुनाची. किलोचा भाव आणि वजन यांचा गुणाकार मनातल्या मनात झालासुद्धा!

एवढ्यात गठ्ठ्यातून कव्हर नसलेला एक अंक सुटून खाली पडला. उचलून पाहिला तर एका कथेच्या शेवटी, छापील मजकुराखाली, पेन्सिलीने वडिलांच्या हातचे अक्षर होते : ‘वाचली. आक्काला वाचून दाखविली. आक्का रडली.’

आम्ही काटा थांबवला. रद्दीवाल्याला चहा पाजून परत पाठवले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसापासून आम्ही ती पेटी एकेक अंक करून वाचत आहोत, आणि वाचता वाचता जे ध्यानात आले ते या पानावर आपल्यापुढे ठेवत आहोत. कारण अशी पेटी आमच्या एकट्याच्याच घरी असेल असे आम्हाला वाटत नाही. आपल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर ती असेल.

पेटीत काय होते?

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. मावळ-मुळशीतली पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्यांतलेच एक. आमच्या खोऱ्यातले मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. धरण होऊ नये म्हणून १९२१ साली इथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे आपण शाळेत शिकलो. पाण्यामागोमाग आमची माणसेही मुंबईला गेली. वडील चाळीच्या एका खोलीत दहा-बाराजणांत राहत. खोलीतल्या साऱ्यांत वाचता येणारे दोघेच. पगाराच्या दिवशी फुटपाथवरच्या रद्दीवाल्याकडून जुनी मासिके कमी किमतीत आणायची आणि रात्रपाळी नसेल तेव्हा मोठ्याने वाचायची, हा त्यांचा नेम. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप झाला. पुढे गिरणी सुटली, आणि वडील वळकटी, ताटली व ही पेटी घेऊन गावी परतले.

पेटीत ‘हंस’ आहे, ‘मेनका’ आहे, ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ आहेत. निरनिराळे दिवाळी अंक आहेत. ‘अस्मितादर्श’चे काही अंक वेगळ्या फडक्यात बांधलेले आहेत. जवळजवळ प्रत्येक कथेखाली वडिलांचा पेन्सिलीचा शेरा आहे. ‘बरी.’ ‘लांबविली आहे.’ ‘खोलीत सगळे हसले.’ ‘शेवट पटला नाही.’ सातवी पास माणसाची ही समीक्षा! साहित्याच्या इतिहासाच्या कोणत्याच पुस्तकात ती सापडायची नाही.

गोष्टीला मासिक मिळाले ते असे

आजच्या पिढीला वाटेल, गोष्ट म्हणजे काय, ती कायमचीच छापून येत होती. तसे नाही, बंधू-भगिनींनो. गोष्ट सांगणे जुने. पण ती दरमहा छापून, टपालाने किंवा फेरीवाल्याच्या हातून घरोघर जाणे ही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली बाब आहे.

१८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्यात कादंबऱ्या क्रमशः येत, आणि लहान गोष्टीही येत. त्यांना आपटे ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. दुष्काळावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची गाजलेली गोष्ट याच परंपरेतली. नंतर १८९५ साली काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी मुंबईत ‘मासिक मनोरंजन’ सुरू केले. बंगाली साहित्याच्या ओढीमुळे ते स्वतःला ‘का. र. मित्र’ म्हणवीत. इंग्रजी मासिके नाताळाला खास अंक काढतात हे पाहून त्यांनी १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणतात तो हाच. आज दिवाळी अंकांचा जो बाजार भरतो त्याचे मूळ तिथे आहे.

याच ‘मनोरंजन’मधून वि. सी. गुर्जर यांच्या गोष्टी लोकप्रिय झाल्या. या प्रकाराला तेव्हा नाव होते ‘संपूर्ण गोष्ट’. म्हणजे काय? क्रमशः कादंबरीत वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. पुढचा अंक चुकला तर गोष्ट अर्धीच राहिली. ‘संपूर्ण गोष्ट’ एका अंकात सुरू होई आणि त्याच अंकात संपे. कष्टकरी वाचकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती. सगळे अंक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला, रद्दीतून एखादाच सुटा अंक मिळालेल्या माणसालाही, पुरी गोष्ट वाचायला मिळू लागली. आमच्या वडिलांसारख्यांना वाचनाची गोडी लागली ती यामुळेच, असे आमचे मत आहे.

‘मनोरंजन’ १९३५ मध्ये बंद पडले. पण तोवर वाट रुळली होती. किर्लोस्करवाडीहून १९२० साली कारखान्याचे खबरपत्र म्हणून निघालेल्या अंकातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. त्याच घरातून १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. १९२६ मध्ये ‘रत्नाकर’ आणि १९२८ मध्ये ‘यशवंत’ निघाले. ‘यशवंत’ तर मुख्यतः कथेलाच वाहिलेले. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर ही नावे घराघरात गेली ती मासिकांच्या पाठीवर बसून. १९३३ साली ‘सत्यकथा’ निघाले. त्यातून पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीची नवकथा बहरली. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केले, आणि त्याच घरातून ‘मोहिनी’ व ‘नवल’ आली. पु. वि. बेहेरे यांची ‘मेनका’ १९६० ची. प्रवासात, दुपारच्या वामकुक्षीला, दवाखान्यात ताटकळत असताना, अशी ही मासिके माणसाला सोबत करीत. घरोघर पोचवणारी फिरती वाचनालये होती. एक अंक दहा घरे फिरे आणि शेवटी रद्दीत जाई. रद्दीतून मग तो आमच्याकडे येई!

आक्काचा प्रश्न

आमची आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. वडील गावी परतल्यावर संध्याकाळी चुलीच्या उजेडात, पुढे बल्बच्या उजेडात, तिला गोष्ट वाचून दाखवीत. आम्ही तेव्हा लहान होतो. पण तिचे ते पुढे सरकून बसणे आणि “बाळा, म्होरं काय झालं?” असे विचारणे आम्हाला अजून डोळ्यांपुढे दिसते.

तिला त्या गोष्टी आवडत. खोटे कशाला सांगायचे? गोष्टीतली नायिका गॅलरीत उभी राहून पत्राची वाट पाही, आणि इकडे आमची आक्का डोळ्याला पदर लावी. दुःख दुसऱ्याचे असले तरी ते तिला कळत होते. पण एके दिवशी गोष्ट संपल्यावर तिने विचारले, “बाळा, समदं झालं. पन ह्यांच्या घरात पानी कोन भरतं?”

वडील आधी हसले. मग गप्प झाले. खरेच, इतक्या गोष्टी वाचल्या, पण पाणी कुणी भरत नव्हते. चहा होत होता, आंघोळी होत होत्या, बागेला पाणी घातले जात होते. ते येत होते कुठून? आक्काच्या लहानपणी वस्तीचा पाणवठा वेगळा होता. साऱ्या महाराष्ट्राचे तेव्हा तेच चित्र होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन एक ओंजळ पाण्यासाठी इतिहास घडवावा लागला. ज्या बाईच्या आयुष्याचे निम्मे तास पाण्याच्या हंड्याखाली गेले, तिला गोष्टीत पहिल्यांदा काय दिसणार? पाणीच दिसणार! आणि ते तिथे नव्हते.

त्या अंकावर वडिलांचा शेरा आहे : ‘आक्का म्हणते, पाणी कोण भरते?’ त्यापुढे दुसरे काही लिहिलेले नाही.

जमा आणि नावे

आम्ही हिशेबाचे माणूस. तेव्हा या मासिकांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू. जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. त्यांनी मराठी माणसाला वाचायला शिकवले. स्वस्तात करमणूक दिली. बायांच्या हातात वाचन दिले. भाषा सोपी केली. जमेच्या बाजूला श्री. म. माटे यांचेही नाव घातले पाहिजे. त्यांनी पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांना रात्रीच्या शाळेत शिकवले, आणि १९४१ साली ‘उपेक्षितांचे अंतरंग’ हा कथासंग्रह दिला. त्यांच्या जातभाईंनी त्यांना ‘महार माटे’ म्हणून हिणवले. त्यांनी आपल्याकडे माणूस म्हणून पाहिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण नावेच्या बाजूला एकच मोठी रक्कम आहे. पांढरपेशा वस्तीत ‘संपूर्ण’ झालेल्या या गोष्टींत आपण नव्हतो. असलो तरी दारात उभे होतो. झाडू घेऊन, मोळी घेऊन, लाचार हसत. बोलत होता तो दुसराच कुणीतरी. माटे मास्तर कितीही कनवाळू असले तरी ते बाहेरून आत पाहत होते. आतून बाहेर पाहणारा माणूस कुठे होता? तो होता आपल्या पत्रांत.

आपली पत्रे, आपली गोष्ट

आपल्या हातात लेखणी यायला मासिकांचे उंबरे झिजवून भागले नाही. आपल्याला आपली पत्रेच काढावी लागली. आपल्याच पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करू. १८५५ साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखावर आतून लिहिलेला तो लेख आजही वाचताना अंगावर काटा येतो. पुढे पुण्यातच शिवराम जानबा कांबळे यांनी १ जुलै १९०८ रोजी ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. नोकरी करणारा, स्वतः धडपडून शिकलेला माणूस पदरमोड करून मासिक काढतो! देवाला मुली वाहून मुरळी करण्याच्या रूढीविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली. तिकडे नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली. आणि ‘केसरी’ने काय केले? ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला. ज्या काळी आपल्या पत्राची जाहिरातसुद्धा छापून येत नव्हती, त्या काळी आपली गोष्ट कोण छापणार होते? पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ आणि २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ निघाले.

या पत्रांचे मुख्य काम चळवळीचे. सभांचे वृत्तांत, अग्रलेख, अन्यायाच्या बातम्या यांनीच रकाने भरत. पण ‘जनता’ने त्यातून जागा काढून गोष्टही छापली. बंधुमाधव यांच्या कथा स्वातंत्र्याच्या आगेमागे ‘जनता’तून येत. त्यांच्या ‘विषारी भाकर’ या कथेत खळ्यावर राबून, हात पसरून मिळालेली कुजकी भाकर खाऊन म्हातारा आजा मरतो आणि नातवाच्या मनात वेगळेच काही पेटते. ती भाकर ज्यांनी खाल्ली होती त्यांच्याच वस्तीत ती कथा वाचली गेली. एकाने वाचायचे, पन्नासांनी ऐकायचे. इतरांच्या मासिकांत गोष्ट ही जेवणानंतरची बडीशेप होती. आपल्या पत्रांत ती भाकरीचाच जाब विचारीत होती. १९९२ साली अर्जुन डांगळे यांनी दलित साहित्याचा मोठा संग्रह इंग्रजीत संपादित केला, त्याला नाव दिले ते याच कथेचे. चळवळीच्या पत्रातली एक कथा जगभर गेली!

४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपणही नव्याने जन्मलो. ‘प्रबुद्ध भारत’चे संपादन काही काळ शंकरराव खरात यांनी केले. आटपाडीचा हा माणूस तराळकीचे कष्ट जवळून पाहिलेला. त्यांच्या कथांतून बलुत्यातली, वेठीतली माणसे उभी राहिली. तेच शंकरराव पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते शाहीर अण्णा भाऊ साठे. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस साहित्य संमेलनाचे उद्घाटन करतो, यातच सगळे आले. १९६३ साली बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परक्या गावी राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. आमच्यापैकी शहरात भाड्याची खोली शोधलेल्या कुणाला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल काय?

मग नव्या पोरांचा संताप उसळला. मुंबईत लहान लहान, सायक्लोस्टाइल केलेली, अनियतकालिके निघाली. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. त्या कृतीबद्दल मतभेद असतील. पण दार बंद असल्याची तक्रार खोटी नव्हती. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले. तोवर दार ठोठावणाऱ्यांनी स्वतःचे घर बांधले होते.

ते घर म्हणजे औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, ‘अस्मितादर्श’. बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात जी पिढी लिहिती झाली, तिच्यासाठी डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६८ च्या सुमारास हे त्रैमासिक उभे केले. खेड्यातल्या मास्तरची, कारकुनाची, विद्यार्थ्याची कथा-कविता ते छापत, आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवत. नवोदिताला पत्र लिहून धीर देणारा संपादक म्हणून त्यांची ख्याती. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती.

आमच्या पेटीतल्या ‘अस्मितादर्श’च्या एका अंकात एका कथेखाली वडिलांचा शेरा आहे : ‘आक्का काही बोलली नाही. पुन्हा वाच म्हणाली.’ आम्ही ती कथा काढून वाचली. तिच्यात पहिल्याच पानावर एक बाई हंडा घेऊन निघालेली आहे.

रद्दीतून लेखणी

बंधू-भगिनींनो, रद्दीचा विषय निघालाच आहे तर फलटणच्या बेबीताई कांबळे यांची हकीकत सांगितलीच पाहिजे. त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. सामान बांधायला जे रद्दी कागद येत ते त्या आधी वाचून काढीत आणि मग पुडी बांधीत. त्या वाचनातून त्यांची लेखणी जागी झाली. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेले कागद त्या वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. अखेर १९८२ साली त्यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापले गेले, आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. कोणत्या मासिकातून? तर किर्लोस्करांच्या ‘स्त्री’तून! म्हणून आम्ही म्हणतो, त्या मासिकांना सरसकट झोडपू नये. दार आतून किलकिले करणारीही माणसे तिथे होती. पण दारापर्यंत चालत गेली ती आपली बाई, स्वतःच्या पायांनी.

शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हेही आधी नियतकालिकातून आले आणि मग पुस्तक झाले. त्यावर दूरदर्शनवर मालिकाही निघाली. उर्मिला पवार यांचा ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह १९८८ चा. आपल्या पुरुषांनी चळवळ चालवली तेव्हा घरात काय चालले होते, हे या बायांनी सांगितले. ते ऐकताना आपल्यालाही कधी कधी मान खाली घालावी लागते. पण गोष्ट संपूर्ण व्हायची तर तेही त्यात आलेच पाहिजे. ‘पाणी कोण भरते?’ हा प्रश्न आक्काने फक्त दुसऱ्यांच्या घराबद्दल विचारला नव्हता. आमच्या घरातही पाणी तीच भरत होती, आणि आम्ही पुरुष मंडळी मासिक वाचत बसलो होतो!

आज काय?

आज मालेत घरोघर मोबाइल आहे. पोरे रात्री उशिरापर्यंत त्यात डोळे घालून बसतात. लहान मुलांचे लाडके ‘चांदोबा’ही बंद झाले. मासिकांचा तो जमाना परत येणार नाही, आणि रडत बसण्यात अर्थ नाही. मोबाइलवरही गोष्ट वाचता येते, ऐकता येते. प्रश्न कागदाचा नाही. आपली गोष्ट कोण सांगतो आणि ती कुठे जपून ठेवली जाते, हा प्रश्न आहे. धरणाच्या सत्याग्रहाची पुस्तके आम्ही वाचली. धरणाकाठच्या आमच्या वस्तीतल्या माणसांची गोष्ट मात्र अजून आमच्या वाचनात आलेली नाही. ती कुणी लिहायची? बाहेरून कुणी येऊन लिहील याची वाट पाहायची काय?

आम्ही एक लहानसा प्रयोग केला. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होतेच. दर रविवारी ग्रंथवाचन झाल्यावर पेटीतली एक कथा मोठ्याने वाचायची, असे ठरवले. पहिल्या रविवारी सात माणसे थांबली. बाकीच्यांना घरची कामे होती. बाया तर भाकरीची वेळ झाली म्हणून उठल्याच. दुसऱ्या रविवारी आम्ही वेळ बदलली, आणि त्या दिवशी घरी भाकरी आम्ही भाजली. (ती कशी झाली होती ते घरच्या मंडळींना विचारावे!) बाया थांबल्या. तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर नववीतल्या एका मुलीने वहीचे दीड पान आणून दिले. तिच्या आजीने धरणाच्या कडेने डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, त्याची हकीकत होती. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. आम्ही एकही चूक सुधारली नाही. आधी तिला सगळ्यांसमोर वाचायला लावले. आजी पुढच्याच रांगेत बसली होती.

ते काही थोर साहित्य नव्हे. पण बंधुमाधवांनी काय, बेबीताईंनी काय, सुरुवात अशीच कुठल्या तरी वहीत केली असेल.

तेव्हा आमची आपल्याला कळकळीची विनंती आहे. घर आवरताना, पत्रे बदलताना, म्हातारे माणूस गेल्यावर त्याची पेटी उघडताना, कागद काट्यावर टाकण्याआधी एकदा उलटून पाहा. ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’, ‘अस्मितादर्श’ यांचा एखादा अंक, जयंतीची स्मरणिका, जलशाची वही, कुणाचे पत्र निघाले तर ते जपा. त्याला फार खर्च लागत नाही. अंक आधी सावलीत वाळवून घ्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, ओल धरते. कोरड्या सुती फडक्यात बांधून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवावेत. कुठला अंक, कुठले साल, कुणाकडून आला, याची यादी एका वहीत करावी. घरात जागा नसेल तर विहारात एक कपाट करावे. आणि त्या अंकांच्या समासात कुणी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते खोडू नये.

संपादकांचा इतिहास लिहिला गेला आहे. लेखकांचाही लिहिला गेला आहे. ज्यांनी रद्दीतून अंक आणून, दमल्या डोळ्यांनी, दहा माणसांना वाचून दाखवले, आणि ज्यांनी ऐकता ऐकता प्रश्न विचारले, त्यांचा इतिहास अजून पेट्यांतच आहे. तो चौदा किलोच्या भावाने जाऊ देऊ नका.

आक्का आता नाही. वडीलही नाहीत. पेटी मात्र नव्या पत्र्याखाली, कोरड्या जागी आहे. अजून तीस-पस्तीस अंक वाचायचे राहिले आहेत. येत्या रविवारी कोणता वाचायचा ते ठरायचे आहे.

जयभीम!